आम्ही चौघेही जेवून आलो होतो

माझ्या आईला, बायकोला आणि मुलीला एकाच वेळी उपाशी ठेवण्याचं काम मी पार पाडलेलं आहे, आणि तेही कुणाला कळू न देता. मला स्वतःलासुद्धा कळलं नव्हतं.

मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका साडीच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात आहे. आलेला कापडाचा ताका मोजायचा, डाग-भोक बघायचं, घडी घालायची आणि चिंधी किती गेली ते लिहून ठेवायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. यंदा दिवाळीनंतर मिल उघडली ती अर्धीच. आठवड्यातले तीन दिवस काम, बाकीचे दिवस घरी. शेठ म्हणाले, "माल उठत नाही, दिलीपभाई. थोडे दिवस सांभाळून घ्या." शेठनी सांभाळायला सांगितलं आणि मी सांभाळायला घेतलं. इथूनच सगळं बिघडलं.

खरं तर सांभाळणारी माणसं घरात आधीपासून होती. माझी बायको संगीता एका वाटी तुरीच्या डाळीत अर्धा दुधी घालून ती दोन वेळा पुरवते. कालचा भात आज फोडणीला, आजची उरलेली पोळी उद्या सकाळी कुस्करून कांद्याबरोबर. दिवसभर ती साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणून करते, आणि तिच्या बोटांना लागलेला गोंद धुऊनही जात नाही. त्याच बोटांनी ती चिमूटभर जिऱ्यात भाजीला असा वास आणते की खालच्या मजल्यावरच्या कोकिलाबेन विचारतात, "आजे शुं बनाव्युं, संगीताबेन?" तिनं पंधरा दिवस घर चालवलं, आणि आम्हाला मिल बंद आहे हे जिभेवर कळलं नाही.

पण मी चार दिवस घरी बसून होतो. घरी बसलेल्या पुरुषाला दुसऱ्याच्या कामातल्या चुका फार स्पष्ट दिसतात. एके संध्याकाळी मी डब्यात हात घालून पोळ्या मोजल्या. सोळा केल्या होत्या, तीन उरल्या होत्या.

"रोज तीन उरतात?" मी विचारलं.

"कधी दोन, कधी तीन. सकाळी लागतात."

"म्हणजे वेस्टेज आहे."

संगीता कणीक मळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "अहो, तुम्ही कापड मोजता. पोळ्या मोजायच्या नसतात."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तेराच पोळ्या करायच्या, असं मी ठरवून दिलं. (ठरवून दिलं म्हणजे पिठाच्या डब्याजवळ वाटी घेऊन उभा राहिलो. वाटी सपाट भरायची, शीग नको, एवढीही सूचना केली.)

इथं मला एक कबुली द्यायला हवी. त्या दिवसांत मीच कमी जेवत होतो. घरात कमवणारा मी, कामही माझंच गेलेलं, तर पोटही माझंच कमी करावं, असा माझा साधा हिशेब होता. मिलच्या दिवशी म्हणायचं, "खात्यात एकाच्या मुलाची सगाई झाली, पोटभर खाऊन आलो." सुट्टीच्या दिवशी म्हणायचं, "सचिनला काम बघायला गेलो होतो, तिथं ओळखीच्यानं जेवू घातलं." सचिन म्हणजे शहराबाहेरचं मिलांचं गाव, तिथं मी खरंच जात असे. जेवू मात्र कुणी घालत नसे. एका मिलच्या मॅनेजरसमोर बसलो असताना माझ्या पोटातून असा लांबलचक आवाज आला की त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. त्यांना वाटलं कुत्रं शिरलं. मीही वाकून पाहिलं. दुसरं काय करणार?

तर घरात खोटं बोलणारा माणूस एकच आहे, अशी माझी समजूत होती.

तेरा पोळ्यांतूनही तीन उरल्या. मी दहावर आणल्या. दहातूनही दोन उरल्या. मला स्वतःच्या कारभाराचं कौतुक वाटायला लागलं. आमची माणसं इतकी वर्षं उगाचच जेवत होती, असं माझं मत होऊ लागलं. आठ पोळ्या, चार माणसं, आणि तरी डब्यात एक शिल्लक. पिठलंही हळूहळू पातळ होत गेलं. ताटात वाढलं की ते एका बाजूला धावायचं. आमच्या फरशीचा उतार मोरीकडे नसून दाराकडे आहे, हे मला वीस वर्षांत प्रथमच कळलं.

याच सुमारास आमच्या घरात देवभक्ती वाढली.

माझ्या आईला आम्ही माय म्हणतो. चौऱ्याहत्तर वर्षांची, धुळ्याकडची. साठ वर्षं सुरतेत काढूनही घरात अहिराणीच बोलते. तिचा गुरुवार मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आता तिनं सोमवार धरला. मग शनिवार. मग एका शुक्रवारी तिच्यासमोर ताट ठेवलं तर म्हणाली, "मना आज उपास शे."

"शुक्रवारी कुणाचा?" संगीतानं विचारलं.

"देवीना."

"कोणत्या देवीचा, माय?"

"तुले माहीत नही ती."

संगीतानं साबुदाणा भिजवू का विचारलं, तर माय म्हणाली, नको, हा निर्जळी असतो. संगीता तिच्याकडे बघत राहिली. नंतर मोरीजवळ मला हळूच म्हणाली, "मायचं काहीतरी वेगळं चाललंय."

"वय झालं की देवाकडे ओढा लागतो," मी म्हणालो. आणि जिन्यात कोकिलाबेन भेटल्या तेव्हा त्यांनाही अभिमानानं सांगितलं की आमची माय आठवड्यातले चार उपास करते. त्या हात जोडून म्हणाल्या, "बा तो देवी छे."

मुलीचंही निराळंच होतं. नेहा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती दर दोन-तीन दिवसांनी सांगू लागली, "पप्पा, आज मैत्रिणीचा बर्थडे होता, मी जमून आली." (जमून म्हणजे जेवून. मुलगी रागावली की मराठीत बोलते, घाईत असली की गुजरातीत. खोटं बोलताना दोन्ही मिसळते, हे मला नंतर कळलं.) तीन आठवड्यांत नऊ मैत्रिणींचे वाढदिवस झाले. एका वर्गातल्या इतक्या मुली एकाच महिन्यात जन्मल्या कशा, असा प्रश्न कुठल्याही बापाला पडला असता. मला आनंद झाला की मुलगी लोकप्रिय आहे.

आणि संगीता सांगायची, साड्या पोचवायला गेले होते तिथं काम देणाऱ्या बाईनं ढोकळा दिला, आता भूक नाही. ती बाई दोन टिकल्या कमी पडल्या तरी मजुरी कापणारी. तिनं ढोकळा दिला यावर मी विश्वास ठेवला. माणसं बदलतात, असंही म्हणालो.

भर म्हणून घरात पुऱ्या यायला लागल्या. शनिवारी संध्याकाळी माय एका स्टीलच्या डब्यातून चार-पाच पुऱ्या आणि थोडी बुंदी काढायची आणि नेहाच्या ताटात वाढायची.

"या कुठून आल्या?"

"कोकिलानी दिध्यात."

घरात शेजारून पुऱ्या येत असताना आपण आठ पोळ्या करणं म्हणजे उधळपट्टी. मी सहावर आणल्या. शिवाय रीत म्हणून जिन्यात कोकिलाबेनचे आभार मानले, "पुऱ्या फार छान होत्या."

"शेनी पूरी, भाई?" त्या गोंधळून म्हणाल्या. कसल्या पुऱ्या? मला वाटलं, केलेलं बोलून दाखवायचा स्वभाव नाही. मी आणखी दोनदा आभार मानले. बिचाऱ्यांना काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच तळून दहा पुऱ्या वर पाठवल्या. त्या आम्ही चौघांनी एकमेकांना आग्रह करत करत, कुणीच न खाता, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्या. नरम पडल्या. मी म्हणालो, पाहा, पुन्हा वेस्टेज.

आता शनिवारकडे येतो.

उधन्याच्या पलीकडे एक मारुतीचं देऊळ आहे. तिथं दर शनिवारी दुपारी भंडारा असतो. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. हे मला खात्यातल्या एकानं सांगितलं होतं. देऊळ घरापासून चालत पाऊण तास. लांब असल्यामुळेच ते मी निवडलं. आपल्या गल्लीतलं कुणी भेटायला नको. सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस फुकट जेवणाच्या रांगेत उभा आहे, हे कुणी पाहू नये, म्हणून मी तोंडाला रुमालही बांधला. घरी सांगितलं, सचिनला जातो. माय देवळात जाणार होती. संगीता साड्या पोचवायला. नेहा कॉलेजला.

रांगेत उभं राहताना मला फार वाईट वाटलं. घरची माणसं आपल्या जिवावर जेवतात, आणि आपण त्यांच्यापासून लपून इथं पुरी खायला आलो. पण पुढून तेलाचा वास आला आणि पाय आपोआप पुढं सरकले. लाजेपेक्षा पोट बळकट असतं.

मंडपात समोरासमोर दोन पंगती होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. मी बसलो. पत्रावळ आली. जेवायचं म्हणून रुमाल खाली केला आणि समोर पाहिलं. समोर एक बाई नाकापर्यंत पदर ओढून बसली होती. चेहरा दिसत नव्हता. पत्रावळ धरलेली बोटं दिसत होती. बोटांच्या टोकांवर वाळलेला गोंद होता आणि एका नखाला एक टिकली चिकटलेली होती.

मी पाहत राहिलो. पदर जरा वर झाला.

"तुम्ही सचिनला गेला होतात ना?" संगीता म्हणाली.

"दर्शनाला आलो. तू?"

"मीपण दर्शनालाच."

दोघांच्या पत्रावळींवर भाजी पडली. दर्शनाला आलेल्या माणसांपुढं भाजी कशी पडली, हे दोघांनीही विचारलं नाही. मी पुरीचा तुकडा मोडला. तिनंही मोडला. तोंडात मात्र कुणीच घातला नाही.

तेवढ्यात बुंदीची बादली घेऊन एक मुलगी पंगतीतून वाढत आली. सुरतेच्या मुली उन्हात बांधतात तशी तिनं तोंडाभोवती ओढणी गुंडाळली होती. फक्त डोळे उघडे. ती माझ्यापुढं आली, वाकली, आणि पळी तशीच धरून थांबली.

"पप्पा?"

तिच्या मागचा वाढपी म्हणाला, "बेन, आगळ चालो." नेहा पुढं सरकली नाही. तिनं समोरच्या पंगतीत पाहिलं. आई. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पळीतली बुंदी माझ्या पत्रावळीवर, मांडीवर आणि शेजाऱ्याच्या गुडघ्यावर पडली.

"तुझा बर्थडे कुठाय?" मी विचारलं. त्या क्षणी मला तेवढंच सुचलं.

"इथंच," ती म्हणाली. "सेवा करणाऱ्यांना आधी जेवायला मिळतं." तीन आठवडे ती मागच्या बाजूला पुऱ्या लाटत होती. त्या दिवशी प्रथमच तिला वाढायला पाठवलं होतं. मधल्या वारी दुसऱ्या दोन देवळांत जायची. तिला सगळ्या देवळांचे वार पाठ झाले होते.

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत असतानाच मंडपाच्या मागून भांडणाचा आवाज आला. तिथं डबा घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची वेगळी रांग होती. वाढणारा म्हणत होता, "माजी, इथं बसून खा. घरी न्यायला एकाचंच वाढतो."

"माले भूक नही," म्हातारी म्हणत होती. "मनी नात घर शे. कॉलेजले जास ती. तिले पुऱ्या आवडतस. आखो दोन टाक."

तो आवाज मी बावन्न वर्षं ऐकत आलो आहे.

आम्ही दोघं उठलो आणि तिघंही तिकडे धावलो. नेहाच्या हातात बादली तशीच. मायनं आम्हाला पाहिलं, एकेकाला, ओळीनं. नातीच्या गळ्यातलं सेवेचं कार्ड पाहिलं. म्हणजे नातीनं लाटलेल्या पुऱ्या आजी पाऊण तास चालत येऊन, रांगेत उभी राहून घेऊन जायची, आणि त्या नातीलाच खाऊ घालायची. स्वतः त्यातली एक तोंडात टाकत नव्हती. हे सगळं तिच्या डोळ्यांत उमटताना मला दिसलं. मग तिनं डबा जपून खाली ठेवला, झाकण लावलं, आणि स्वतःही तिथंच खाली बसली. बसली ती आडवीच झाली.

देवळात एक डॉक्टर दर्शनाला आलेले होते. (ते खरंच दर्शनाला आलेले होते.) त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, तोंडावर पाणी मारलं. माय डोळे उघडून बघू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "माजी, छेल्ले क्यारे जम्या?" शेवटचं कधी जेवलात?

मायनं आधी डबा जवळ ओढला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मुलगा."

"शेवटचं कधी जेवल्या या?"

मी सव्वीस वर्षं चिंधीचा हिशेब इंचात ठेवला आहे. या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. संगीता म्हणाली, "बुधवारी." तीसुद्धा अंदाजानं.

डॉक्टरांनी लिंबूसाखरेचं पाणी पाजलं आणि समोर बसून तिला दोन पुऱ्या खायला लावल्या. माय खात होती आणि आम्ही तिघं तिच्याभोवती उभे होतो. अशा वेळी देवानं आम्हाला एकटं सोडायला हवं होतं. पण देवळाच्या कारभारी काकांनी लांबून पाहिलं ते एवढंच, की नात वाढते आहे, आजी उपास करून चालत आली आहे, मुलगा-सून धावत आले आहेत. त्यांनी माइक घेतला. "एक परिवार, त्रण पेढी, बधा सेवामां!" तीन पिढ्या, सगळे सेवेत. टाळ्या झाल्या. मायच्या अंगावर शाल आली, माझ्या हातात नारळ आला, आणि कुणीतरी फोटो काढला. फोटोत माझ्या मांडीवर बुंदी आहे.

परतताना शेअरची शटल रिक्षा पकडली. मग मीच म्हणालो, "माय, उपास करायचे तर खाऊन करायचे. देवाला काय, चालतं."

माय शालीचं टोक चाचपत होती. म्हणाली, "तुले काय वाटनं, देवसाठे करू मी उपास?"

"म्हणजे गुरुवारसुद्धा?"

"तुना बाप लूमवर व्हता. लूम बंद पडनं का मना गुरुवार सुरू व्हये."

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आमची माय फार धार्मिक. शाळेत निबंधातही लिहिलं होतं. मला बक्षीस मिळालं होतं. संगीतानं मायचा हात धरला होता आणि नेहा ओढणी परत तोंडाभोवती गुंडाळून बसली होती, ऊन नसताना.

फोटो चार दिवसांत सगळीकडे फिरला. खात्यातही पोचला. चौथा दिवस काम मिळावं म्हणून मी शेठकडे विनंती केली होती. ते म्हणाले, "दिलीपभाई, तुम्ही सुट्टीत पुण्य कमावता आहात. मी कशाला मधे येऊ?" तो दिवस दुसऱ्याला गेला.

मिल अजून तीनच दिवस चालते. वाटी संगीतानं माझ्याकडून काढून घेतली. देवळातून परतलो त्याच संध्याकाळी तिनं सोळा पोळ्या केल्या, घट्ट पिठलं केलं, नारळाची चटणी वाटली आणि सांगितलं, "आजपासून सगळ्यांनी एकत्र बसायचं. बाहेर कोण जेवलं, कोणाचा उपास, काही ऐकायचं नाही. डबा रिकामा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही." डबा रिकामा झाला. सोळाही पुरल्या नाहीत. शेवटची पोळी माय चार तुकडे करून वाटत होती आणि कुणीही 'मला नको' म्हणायचं धाडस केलं नाही.

आता घरात मायच्या शब्दावर विश्वास आहे, नेहाच्या आहे. माझ्या नाही. मी 'पोट भरलं' म्हणालो की तिघी माझ्याकडे बघत बसतात, आणि ढेकर दिल्याशिवाय मला पाटावरून उठू देत नाहीत. पीठ कमी असेल त्या दिवशी मी पाणी पिऊन ढेकर देतो. अजून एकदाही पकडला गेलेलो नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या हातात आलेली ही एकमेव नवी कला.